संशोधन संपल्यावर काय उरते? विद्यापीठ आणि समुदाय यांची भागीदारी समजून घेताना

विद्यापीठाने एखाद्या लोकसंघटनेशी सामंजस्य करार केल्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. सह्या होतात, छायाचित्र छापले जाते आणि संशोधनाचा लाभ थेट लोकांपर्यंत पोहोचेल असे सांगितले जाते. त्या कराराचे पाच वर्षांनी काय झाले, ही बातमी मात्र क्वचितच येते. ज्यांच्या दारी प्रश्नावली घेऊन माणसे येऊन गेली, त्यांच्याकडून पुष्कळदा एकच उत्तर ऐकू येते: माहिती नेली, पुढे काही कळले नाही. संशोधकाला विचारले, तर तोही तितक्याच प्रामाणिकपणे सांगतो की परत जायची इच्छा होती, पण अनुदान संपले. दोन्ही उत्तरे खरी असतात, आणि ती एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे उलगडले की हा विषय समजायला सोपा होतो.

माझे म्हणणे असे आहे की अशा भागीदाऱ्या कोणाच्या वाईट हेतूने तुटतात, त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा त्या दोन प्रकल्पांच्या मधल्या काळात विरून जातात. त्या काळात नाते सांभाळणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नसते आणि त्यासाठी कोणी पैसेही दिलेले नसतात. चांगला हेतू हवाच. पण अधिकार, पैसा आणि गोळा झालेली माहिती यांची वाटणी आधी ठरलेली नसेल, तर तो पहिल्याच अडचणीत अपुरा पडतो.

सल्ला विचारणे आणि भागीदारी करणे

समुदाय म्हणजे एका ठिकाणी राहणारे, एकच आजार असलेले, एकच व्यवसाय करणारे किंवा समान इतिहास असलेले लोक. अशा लोकांवर संशोधन करण्याऐवजी त्यांच्याबरोबर संशोधन करण्याच्या पद्धतीला सहभागी संशोधन म्हणतात. ही कल्पना नवी नाही. समाजमानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृतिसंशोधनाचा विचार मांडला, म्हणजे परिस्थिती बदलण्याची कृती आणि ती समजून घेण्याचा अभ्यास बरोबरीने चालावेत असे सुचवले. पुढे १९७० च्या दशकात कोलंबियाचे ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यात सत्तेचा प्रश्न आणला: ज्ञान कोणी निर्माण करायचे आणि ते कोणाच्या उपयोगी पडायचे?

सहभाग हा शब्द मात्र फार लवचीक आहे. अमेरिकेतील शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, ती आजही उपयोगी पडते. अगदी खालच्या पायरीवर लोकांची दिशाभूल करून त्यांचा होकार मिळवला जातो. मधल्या पायऱ्यांवर लोकांना माहिती दिली जाते, मतही विचारले जाते, पण निर्णय दुसरीकडे होतो. भागीदारी हा शब्द सहाव्या पायरीवर येतो, जिथे निर्णयाचा अधिकार वाटून घेतलेला असतो. घराचा आराखडा ठरला, भिंती उभ्या राहिल्या आणि मग राहणाऱ्यांना पडद्यांचा रंग विचारला, तर त्याला एकत्र घर बांधणे म्हणता येणार नाही. भागीदारी म्हणून जाहीर झालेले पुष्कळ प्रकल्प प्रत्यक्षात या पडद्यांच्या पायरीवर असतात, आणि पुढची निराशा तिथेच पेरली जाते.

अविश्वास येतो कुठून?

संशोधकांना वारंवार एक कोडे पडते: आपण लोकांच्या भल्यासाठी आलो असताना लोक सावध का असतात? उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस हा आजार होता. त्यांना आजाराचे खरे नाव सांगितले गेले नाही. १९४० च्या दशकात पेनिसिलीन हा प्रभावी उपचार उपलब्ध झाल्यावरही तो त्यांना दिला गेला नाही, कारण उपचाराविना आजार कसा वाढतो हेच संशोधकांना पाहायचे होते. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून हे उघड झाले तेव्हा अभ्यास थांबला. राष्ट्राध्यक्षांनी देशाच्या वतीने माफी मागितली ती १९९७ मध्ये.

टस्कीगीचे उदाहरण इतके भयंकर आहे की ते वाचून आजचा संशोधक सहज म्हणेल, आम्ही असे कधीच करणार नाही. म्हणून दुसरे, अधिक नाजूक उदाहरण पाहणे मला जास्त महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या खोल दरीत राहणाऱ्या हवासुपाई या आदिवासी समुदायात मधुमेहाचे प्रमाण फार वाढले होते. १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. मधुमेहाचे कारण सापडेल या आशेने लोकांनी ते दिले. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार, समुदायातील आपसांतील विवाह आणि त्यांच्या पूर्वजांचे स्थलांतर यांविषयीही अभ्यास झाले. पूर्वज याच दरीत जन्मले अशी ज्यांची श्रद्धा, त्यांच्याच रक्तातून ते दुसऱ्या खंडातून आले असे सिद्ध केले जात होते, आणि हे त्यांना कोणी विचारले नव्हते. समुदायाला ही गोष्ट २००३ च्या सुमारास कळली. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० मध्ये तडजोड होऊन ४१ जणांना एकूण ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुने परत करण्यात आले.

येथे संमतीपत्र नव्हते असे नाही. मधुमेहाचे नाव न घेता आजारांच्या कारणांविषयी व्यापक शब्दांत लिहिलेले संमतीपत्र होते. माहितीपूर्ण संमती म्हणजे आपण कशाला होकार देत आहोत हे पुरते समजून दिलेला होकार. कागदावरील शब्द आणि लोकांच्या मनातील समजूत यांत अंतर पडले की सही असूनही संमती नसते. शेजाऱ्याने आजारी माणसाला दवाखान्यात नेण्यासाठी गाडी मागितली आणि ती महिनाभर भाड्याने फिरवली, तर 'गाडी तुम्हीच दिली होती' या उत्तराने मालकाचे समाधान होणार नाही. एवढेच लक्षात ठेवले तरी माहितीच्या पुनर्वापराचा किचकट वाटणारा प्रश्न बराच सुटतो.

मधला काळ

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. संशोधनाचे अनुदान साधारणपणे तीन ते पाच वर्षांसाठी मिळते. त्यातले पहिले काही महिने, कधी वर्षही, नैतिकता समितीची मान्यता, माणसांची नेमणूक आणि खरेदी यांत जाते. शेवटचे वर्ष विश्लेषणात आणि शोधनिबंध लिहिण्यात जाते. लोकांशी प्रत्यक्ष काम होते ते मधल्या दीड-दोन वर्षांत. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचे वेळापत्रक याहूनही घट्ट असते. समुदायाचा प्रश्न मात्र प्रकल्पाच्या आधीपासून असतो आणि नंतरही राहतो. दूषित पाणी, वाढता मधुमेह किंवा शाळा सोडणारी मुले यांपैकी काहीही अनुदानाच्या अखेरच्या तारखेला संपत नाही.

एक प्रकल्प संपून दुसरा मंजूर होईपर्यंत वर्ष-दोन वर्षे जातात, आणि खरी हानी याच काळात होते. प्रकल्पाचा समन्वयक कंत्राटावर असतो, तो दुसरीकडे नोकरी शोधतो. त्याच्याबरोबर कोणाच्या घरी केव्हा जावे, कोणता विषय कोणासमोर काढू नये, कोणाचा शब्द मानला जातो हे सारे न लिहिलेले ज्ञान निघून जाते. फोन क्रमांक बंद होतो. निष्कर्ष सांगण्यासाठी ठरलेली बैठक होत नाही. दोन वर्षांनी नवे अनुदान घेऊन नवी माणसे येतात आणि तेच प्रश्न पुन्हा विचारतात. तोवर लोकांच्या मनात 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण पक्की झालेली असते.

पुलाचे उद्घाटन सर्वांना दिसते. त्याचे सांधे तपासणारा, गंज खरवडणारा माणूस दिसत नाही आणि देखभालीची तरतूद सर्वांत आधी कापली जाते. नात्याची देखभालही अशीच आहे. टिकलेल्या भागीदाऱ्यांमध्ये या कामासाठी कायमस्वरूपी पद असते, समुदायाच्या जवळ एखादी कायमची जागा असते आणि प्रकल्प चालू असो वा नसो, ठरलेल्या अंतराने बैठक होत राहते. या तीन गोष्टींना लागणारा खर्च मोठ्या यंत्रसामग्रीच्या तुलनेत किरकोळ असतो. तरीही त्या मागणे अवघड जाते, कारण अनुदानाच्या अर्जात 'नवे काय शोधणार' हा रकाना असतो, 'जुने कसे सांभाळणार' हा नसतो.

दीर्घकाळ टिकणे आणि भागीदारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथेच नोंदवायला हवे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या शहरात १९४८ मध्ये ५,२०९ लोकांना घेऊन सुरू झालेला हृदयरोगाचा अभ्यास त्यांच्या मुलांपर्यंत आणि नातवंडांपर्यंत पोहोचला. इतकी वर्षे लोक येत राहिले याचे श्रेय सातत्याने चालू राहिलेल्या केंद्राला आणि तिथे मिळालेल्या आदराच्या वागणुकीलाही आहे. पण काय अभ्यासायचे हे ठरवण्याचा अधिकार मुख्यतः संशोधकांकडेच होता. सातत्य हा भागीदारीचा पाया झाला. तेवढ्याने इमारत पुरी होत नाही.

पैसा कोणाच्या खात्यात?

हा प्रश्न उघडपणे विचारणे असभ्य वाटते, म्हणून तो टाळला जातो आणि नंतर कडवटपणा आणतो. सर्वसाधारण पद्धत अशी असते की अनुदान विद्यापीठाच्या खात्यात येते, समुदायाची संघटना आधी स्वतःचे पैसे खर्च करते आणि देयके सादर करून भरपाईची वाट पाहते. मोठ्या संस्थेला चार महिन्यांचा उशीर म्हणजे कागदपत्रांची किरकोळ दिरंगाई. तीन माणसांच्या संघटनेला तो एका कार्यकर्त्याच्या चार महिन्यांचा पगार असतो. शिवाय बैठकीला आलेल्या प्राध्यापकाचा वेळ त्याच्या पगारात धरलेला असतो, पण त्याच बैठकीला आलेल्या रहिवाशाने आपली कामाची पाळी सोडलेली असते. एकाच मेजाभोवती बसलेल्यांपैकी काहींना वेळेचा मोबदला मिळतो आणि काहींना चहा मिळतो. ही व्यवस्था फार काळ चालू शकत नाही.

उपाय अवघड नाहीत. काही रक्कम आगाऊ देणे, समुदायाच्या संघटनेला अनुदानात स्वतंत्र सहअर्जदार करणे, रहिवाशांच्या वेळेसाठी दर ठरवणे आणि अंदाजपत्रक दोन्ही बाजूंना सारखे दिसेल असे ठेवणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे केली गेली आहे. अडथळा बहुधा लेखा विभागाच्या नियमांचा असतो, आणि ते नियम बदलून घेण्याची जबाबदारी विद्यापीठातील वरिष्ठांची आहे. ती तरुण संशोधकाच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

लिहून ठेवलेले नियम: कानावाकेचा अनुभव

कॅनडात माँट्रियलजवळ कानावाके ही मोहॉक या आदिवासी लोकांची वसाहत आहे. तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात मधुमेह आणि त्याचे दुष्परिणाम मोजले आणि आकडे समुदायासमोर ठेवले. ते ऐकून वडीलधाऱ्यांनीच आग्रह धरला की आता लहान मुलांना या आजारापासून वाचवण्यासाठी काहीतरी करा. म्हणजे पुढच्या संशोधनाचा प्रश्न समुदायाने दिला. १९९४ मध्ये शाळांमधून मधुमेह रोखण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात समुदाय आणि विद्यापीठांतील संशोधक एकत्र होते आणि रहिवाशांचे सल्लागार मंडळ सुरुवातीपासून होते.

त्यांनी लवकरच एक आचारसंहिता लिहिली. तिच्यातील दोन तरतुदी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की निष्कर्ष बाहेर प्रसिद्ध होण्याआधी समुदायाला सांगायचे. दुसरी अशी की निष्कर्षांच्या अर्थाविषयी मतभेद झाला, तर कोणीही दुसऱ्याचे प्रकाशन अडवायचे नाही, मात्र असहमत असलेल्या भागीदाराला आपले म्हणणे त्याबरोबरच मांडण्याची संधी द्यायची. भांडण होणारच हे गृहीत धरून, ते कसे करायचे हे आधी ठरवलेले आहे. नात्यावर विश्वास असलेली माणसेच असा नियम लिहू शकतात, आणि असा नियम असल्यामुळे विश्वास आणखी टिकतो.

हाच विचार इतरत्रही रुजला आहे. कॅनडातील आदिवासी राष्ट्रांनी १९९८ मध्ये आपल्या माहितीबाबत मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा ही चार तत्त्वे मांडली. दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. त्यांच्या पारंपरिक ज्ञानावर आधारलेल्या हूडिया या वनस्पतीचे पेटंट त्यांना न विचारता घेतले गेले होते आणि लाभातील वाट्याचा करार नंतर, २००३ मध्ये झाला होता. तो अनुभव त्यांच्या पाठीशी होता. नियम आता समुदाय लिहितात आणि संशोधकाने सही करायची असते, ही दिशा मला योग्य वाटते.

'पण लोकांना संशोधनातले काय कळते?'

हा आक्षेप सभ्य शब्दांत का होईना, नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर म्हणून इंग्लंडमधील कंब्रिया भागातील मेंढपाळांची गोष्ट सांगावीशी वाटते. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात झाला आणि किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर तिथल्या डोंगरांवर पडले. मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. ती सुमारे तीन आठवड्यांत उठेल, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. हा अंदाज चिकणमातीच्या जमिनीवरून बांधलेला होता, कारण तशा मातीत सीझियम अडकून राहते आणि गवतात फारसे चढत नाही. डोंगरावरची जमीन आम्लधर्मी आणि कुजट वनस्पतींच्या थरांची होती. तिथे सीझियम पुन्हा पुन्हा गवतात आणि गवतातून मेंढीत येत राहिले. काही ठिकाणचे शेवटचे निर्बंध २०१२ मध्ये उठले.

मेंढपाळांना किरणोत्साराचे रसायनशास्त्र येत नव्हते. पण एका डोंगराची जमीन दुसऱ्यासारखी नसते आणि मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्या कुंपणात कोंडल्या तर त्यांची प्रकृती खालावून प्रयोगच बिघडतो, हे त्यांना माहीत होते. त्यांनी ते सांगितलेही होते. त्यांचे ऐकले असते तर मातीचा प्रश्न कदाचित पहिल्याच महिन्यात विचारला गेला असता. समुदायाचे ज्ञान शास्त्राच्या जागी ठेवावे असे यातून निघत नाही. शास्त्राने कोणते गृहीतक तपासायचे हे ते ज्ञान दाखवते. शिवाय लोक शिकतातही. एचआयव्हीच्या साथीत अमेरिकेतील रुग्ण-कार्यकर्त्यांनी औषधचाचण्यांचे शास्त्र इतके आत्मसात केले की १९९० च्या सुमारास सरकारी अनुदानावर चालणाऱ्या चाचण्यांच्या समित्यांमध्ये त्यांना जागा मिळाल्या.

'मग निष्पक्षपणाचे काय?'

हा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याला निष्कर्षात रस आहे तोच संशोधनात भागीदार असेल, तर निष्कर्ष त्याच्या सोयीचा लागेल अशी भीती असते. ती निराधार नाही. पण रस तर अनुदान देणाऱ्यालाही असतो, पदोन्नतीची वाट पाहणाऱ्या संशोधकालाही असतो. कोणता प्रश्न विचारायचा हे एकत्र ठरवता येते. मोजमाप कसे करायचे आणि कोणता निकाल अपयश मानायचा, हे मात्र माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवायला हवे, म्हणजे नंतर सोयीप्रमाणे कसोटी बदलता येत नाही.

कानावाकेतील प्रकल्पाने येथेही धडा घालून दिला. १९९४ ते २००२ या काळाच्या मूल्यमापनात त्वचेखालील चरबीच्या मोजमापात सुरुवातीला काही सुधारणा दिसली, पण मुलांच्या उंची-वजनाच्या प्रमाणात अपेक्षित बदल दिसला नाही. इतक्या कष्टांनंतरचा हा निष्कर्ष जड जाणारा होता. तरी तो प्रसिद्ध झाला आणि भागीदारी त्यानंतरही चालू राहिली. वाईट बातमी पचवण्याची ताकद हीच माझ्या मते टिकाऊपणाची खरी परीक्षा आहे.

समुदायाच्या वतीने बोलणार कोण?

कोणताही समुदाय एकसंध नसतो. ज्या नेत्याशी करार झाला तो सर्वांचा असेलच असे नाही, आणि बैठकीला नेहमी येणारे लोक बहुधा ज्यांना सवड आहे असेच असतात. यावर पक्का उपाय नाही. एका व्यक्तीऐवजी ठरावीक मुदतीने बदलणारे मंडळ ठेवणे, बैठकीच्या वेळा कामकरी लोकांच्या सोयीने ठरवणे आणि विरोध करणाऱ्यांचेही म्हणणे नोंदवणे, एवढे करता येते.

विद्यापीठाची मोजपट्टी

संशोधकाच्या बाजूचा सर्वांत मोठा अडथळा त्याच्याच संस्थेत असतो. पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. समुदायाशी विश्वासाचे नाते जुळवण्यात गेलेली दोन वर्षे त्या मोजणीत रिकामी दिसतात. नियतकालिकाच्या मानांकनावरून संशोधकाचे मोल ठरवू नये, असा आग्रह धरणारे सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्र २०१२ मध्ये तयार झाले आणि त्यावर अनेक संस्थांनी सह्याही केल्या. पण ते निवड समितीच्या खोलीपर्यंत पोहोचले नाही, तर समुदायाबरोबर काम करणारा तरुण संशोधक स्वतःच्या भवितव्याची किंमत मोजून ते करत राहतो, किंवा सोडून देतो.

निरोपाची तयारी

प्रत्येक भागीदारी कायमची असावी अशी अपेक्षा चुकीची आहे. काही प्रश्न सुटतात, काही संघटना दुसऱ्या कामाकडे वळतात, काही प्राध्यापक निवृत्त होतात. म्हणून शेवट कसा करायचा हे सुरुवातीच्या करारातच लिहावे: माहितीची प्रत कोणाकडे राहील, रक्त किंवा लाळेचे उरलेले नमुने परत करायचे की नष्ट करायचे, लोकांची नावे असलेली यादी कोण सांभाळील, मधल्या काळात फोन कोण उचलेल आणि निष्कर्ष लोकांच्या भाषेत सांगण्याची शेवटची बैठक कोणत्या महिन्यात होईल. हवासुपाई समुदायाचे प्रतिनिधी २०१० मध्ये विद्यापीठात गेले, तेव्हा शीतपेटीत ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांसमोर त्यांनी प्रार्थना केली आणि मग ते नमुने घरी नेले. नमुने देणाऱ्यांपैकी काही जण तोपर्यंत हयात नव्हते.